एक युद्ध, दोन दृष्टी : विसाव्या शतकातील भारत-चीन परस्पर गैरसमजांचा अभ्यास
(विशेष संदर्भ : १९४२ मधील कर्जत परिसर आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस)

प्रास्ताविक

आंतरराष्ट्रीय संबंधांचे अध्यापन करताना आपण साधारणपणे करार, युद्धे, परिषदा आणि नेत्यांचे निर्णय यांचा क्रम विद्यार्थ्यांपुढे मांडतो. या निर्णयांच्या मुळाशी एका समाजाने दुसऱ्या समाजाविषयी बाळगलेली जी प्रतिमा असते, तिचा विचार अभ्यासक्रमात अभावानेच होतो. वस्तुतः परराष्ट्र धोरण आखणारी माणसे प्रत्यक्ष दुसऱ्या राष्ट्राशी व्यवहार करीत नसून, त्या राष्ट्राविषयी त्यांच्या मनात तयार झालेल्या चित्राशी व्यवहार करीत असतात. हे चित्र वस्तुस्थितीपासून दूर गेले की मैत्रीचे हेतूही संशयास्पद वाटू लागतात आणि गांभीर्याने दिलेला इशाराही पोकळ धमकी ठरतो.

विसाव्या शतकातील अमेरिका व चीन यांचे संबंध हे या प्रक्रियेचे अभ्यासकांनी सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण आहे. तथापि, महाराष्ट्रातील अध्यापकाला त्याच प्रकारचे उदाहरण स्वतःच्या परिसरात सापडू शकते. प्रस्तुत लेखात अमेरिका-चीन संबंधांची पार्श्वभूमी थोडक्यात पाहून, भारत व चीन यांच्यातील परस्पर गैरसमजांचे स्वरूप सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि माथेरानचे हुतात्मा विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांच्या समकालीन जीवनकार्याच्या आधारे समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

गैरसमज म्हणजे केवळ माहितीचा अभाव नव्हे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट जर्व्हिस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आंतरराष्ट्रीय राजकारणातील आकलन व गैरआकलन यांची सविस्तर मीमांसा केली. त्यांच्या विवेचनातील दोन मुद्दे येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, नवी माहिती मिळाली तरी माणूस ती आपल्या जुन्या समजुतीच्या चौकटीत बसवून घेतो. दुसरा मुद्दा त्याहून सूक्ष्म आहे. आपले हेतू आपल्याला स्वच्छ ठाऊक असतात, म्हणून ते समोरच्यालाही तितकेच स्वच्छ दिसत असतील असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे समोरच्याने संशय घेतला की तो संशय प्रामाणिक असू शकेल असे आपल्याला वाटत नाही. त्यामागे दुष्ट हेतूच असला पाहिजे, असा निष्कर्ष आपण काढतो.

हॅरॉल्ड आयझॅक्स यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही येथे उल्लेखनीय आहे. त्यांनी १८१ अमेरिकन व्यक्तींच्या मुलाखती घेऊन त्यांच्या मनातील चीन व भारत या दोन्ही देशांच्या प्रतिमा तपासल्या. कोणतीही जुनी प्रतिमा पूर्णतः पुसली जात नाही. परिस्थिती बदलली की मागे पडलेली प्रतिमा पुन्हा पुढे येते, असे या अभ्यासावरून दिसते. कौतुक आणि तिरस्कार या दोन्ही भावना एकाच मनात शेजारी शेजारी नांदत असतात.

अमेरिका व चीन : एक पार्श्वभूमी

अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना प्रवेश नाकारला. त्याच अमेरिकेने १८९९ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन हे यांच्या 'मुक्तद्वार' धोरणाद्वारे चीनमध्ये सर्व राष्ट्रांना व्यापाराची समान संधी असावी अशी भूमिका घेतली. या भूमिकेमुळे आपण चीनचे हितरक्षक आहोत, असा अमेरिकन लोकांचा समज झाला. चिनी माणसाला मात्र प्रवेशबंदीचा अपमान अधिक जवळचा होता. १९०५ मध्ये चिनी शहरांतून अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारण्यात आला, तो या अपमानापोटीच. एकाच देशाची एका बाजूला उपकारकर्ता व दुसऱ्या बाजूला अपमानकर्ता अशी दोन रूपे तयार झाली. प्रवेशबंदीचा कायदा रद्द झाला तो १९४३ मध्ये, म्हणजे चीन युद्धातील मित्रराष्ट्र झाल्यानंतर.

१९४९ मध्ये साम्यवादी पक्ष सत्तेवर आल्यावर 'चीन कोणी गमावला' असा प्रश्न अमेरिकेत विचारला जाऊ लागला. जे आपले कधी नव्हतेच ते गमावले कसे, हा विचार त्या प्रश्नात नव्हता. त्यानंतर वर्षभरात कोरियाच्या युद्धात या गैरसमजांची मोठी किंमत मोजावी लागली. ३ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतले आणि अमेरिकन सैन्याने ३८ वे अक्षांशवृत्त ओलांडल्यास चीन युद्धात उतरेल असा इशारा दिला. हा इशारा भारतामार्फत अमेरिकेपर्यंत पोहोचला. परंतु पणिक्कर हे चीनकडे झुकलेले आहेत, अशी त्यांची प्रतिमा तेथे आधीच तयार झालेली असल्याने तो पोकळ धमकी मानला गेला. त्याच महिन्यात चिनी सैन्य कोरियात उतरले. निरोप खरा होता, परंतु निरोप्याविषयीच्या पूर्वग्रहाने तो खोटा ठरविला.

भारत व चीन : सुरुवातीच्या प्रतिमा

भारतीय मनातील चीन हा दीर्घकाळ संस्कृतीच्या स्मृतीतून उभा राहिला होता. फाहियान व ह्युएन त्संग हे यात्रेकरू, बौद्ध धर्माचा प्रसार, संस्कृत साहित्यात येणारे 'चीनांशुक' हे रेशमी वस्त्र या गोष्टी शालेय शिक्षणातून सर्वांच्या परिचयाच्या झाल्या. आपण चीनला धर्म दिला, म्हणून चीन आपला ऋणी आहे, असा एक अस्पष्ट भाव या स्मृतीत दडलेला होता.

चीनमधील विसाव्या शतकाच्या आरंभीची भारताची प्रतिमा मात्र अगदी निराळी होती. मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनकडे जात असे आणि त्या व्यापाराने मुंबईतील अनेक नामांकित घराणी श्रीमंत झाली, हा इतिहास आपण सहसा सांगत नाही. १९०० च्या बॉक्सर उठावाच्या वेळी ब्रिटिशांनी चीनमध्ये उतरविलेल्या फौजेत भारतीय पलटणींचा मोठा भरणा होता. शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीत शीख पोलीस ब्रिटिशांच्या वतीने बंदोबस्त करीत. ३० मे १९२५ रोजी तेथे निदर्शकांवर झालेल्या गोळीबारात या पोलिसांचाही सहभाग होता. ल्यांग छी-चाव यांच्यासारख्या चिनी विचारवंतांनी आपल्या देशबांधवांना सावध करण्यासाठी भारताचा दाखला दिला : स्वातंत्र्य गमावलेल्या राष्ट्राची काय अवस्था होते ते पाहा. म्हणजे आपण स्वतःला चीनचे गुरू मानत होतो तेव्हा चीनमध्ये आपल्याकडे इशारा म्हणून पाहिले जात होते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर, चिनी माणूस येथे अगदीच अनोळखी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटिशांनी पूर्वेकडील वसाहतींतून आणलेले चिनी कैदी महाबळेश्वर येथे ठेवले होते; तेथील 'चायनामन' धबधब्याच्या नावात त्यांची आठवण उरली आहे. मुंबईत माझगाव येथे चिनी वस्ती व तिचे मंदिर होते. परंतु या प्रत्यक्ष शेजाऱ्याचा आणि पाठ्यपुस्तकातील ह्युएन त्संगचा संबंध आपल्या मनात कधी जोडला गेला नाही.

वैद्यकीय पथक : १९३८

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण आक्रमण केले. त्या वर्षाअखेर चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदतीची विनंती केली. अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली यांनीही या कामी पुढाकार घेतला होता. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना निधी गोळा करून पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्यात आले. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कोलकात्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून निघाले आणि १९३९ च्या आरंभी साम्यवाद्यांच्या ताब्यातील येनानला पोहोचले.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या अखेरीस 'ह्वा' म्हणजे चीन हे अक्षर जोडण्यात आले. कोटणीस 'के ती-ह्वा' झाले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तिच्यातून शिकविले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद स्वीकारले आणि त्याच वर्षी कुओ छिंग-लान यांच्याशी विवाह केला. १९४२ मध्ये ते चिनी साम्यवादी पक्षाचे सभासद झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या विकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ३२ वर्षांचे होते.

१९४२ : कर्जत आणि चीन

सोलापूरहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग बोरघाट उतरून कर्जतला पोहोचतो. डॉ. कोटणीस चीनमध्ये शस्त्रक्रिया करीत होते, त्याच काळात या परिसरात एक वेगळी लढाई सुरू होती. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले वकील भाई कोतवाल यांनी 'चले जाव' चळवळीत आझाद दस्ता उभारला. मुंबईकडे वीज नेणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडणे हा त्यांच्या लढ्याचा मुख्य मार्ग होता. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून व भिवपुरीचे १९२२ पासून कार्यरत होते आणि मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालत. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना हौतात्म्य प्राप्त झाले. डॉ. कोटणीस यांच्या निधनानंतरचा हा चोविसावा दिवस होता.

या दोन मृत्यूंकडे एकत्र पाहिले असता एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. चीनच्या दृष्टीने १९४२ मधील शत्रू एकच होता, तो म्हणजे जपान. आणि डिसेंबर १९४१ नंतर ब्रिटन हा त्या लढ्यातील सहकारी होता. कर्जतच्या तरुणाच्या दृष्टीने शत्रू म्हणजे ब्रिटिश सत्ता होती. मुंबईच्या गिरण्यांतून युद्धासाठी लागणारे कापड तयार होत होते. ते ब्रिटिशांच्या युद्धाला लागत होते, तसेच ज्या आघाडीत चीन होता त्या आघाडीच्याही उपयोगाचे होते. चुंगकिंगमध्ये बसून पाहणाऱ्यास मनोरा पाडणारा हात जपानला साहाय्य करणारा वाटणे अशक्य नव्हते. माथेरानच्या पायथ्याशी उभे राहून पाहणाऱ्यास ब्रिटनशी मैत्री करणारा चीन पारतंत्र्याला हातभार लावणारा वाटणेही तितकेच शक्य होते. दोघांचेही हेतू प्रामाणिक होते.

हा प्रश्न त्या काळातील नेत्यांपुढेही होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये चीनचे नेते च्यांग कै-शेक भारतात आले. १८ फेब्रुवारीला कोलकात्यात त्यांनी महात्मा गांधींची भेट घेतली. भारतीयांनी युद्धात दोस्त राष्ट्रांना साथ द्यावी आणि ब्रिटनने भारतीयांना खरी राजकीय सत्ता द्यावी, असे दुहेरी आवाहन त्यांनी केले. आपल्यावरील संकट इतके उघड असताना भारत स्वातंत्र्याचा प्रश्न थोडा पुढे ढकलील, अशी त्यांची अपेक्षा होती. स्वतंत्र भारतच चीनला खरी मदत करू शकेल हे चीनला सहज पटेल, असे काँग्रेसला वाटत होते. १४ जून १९४२ रोजी गांधीजींनी च्यांग यांना पत्र लिहून, आपल्या आंदोलनाने चीनच्या संरक्षणाला बाधा येऊ नये अशी ग्वाही दिली. मुंबईत गवालिया टँक येथे ८ ऑगस्टला संमत झालेल्या ठरावातही चीन व रशिया यांच्या संरक्षणात अडथळा येऊ नये, ही काळजी नमूद केलेली आहे. नेत्यांच्या अटकेनंतर च्यांग यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मध्यस्थीची विनंती केली. चर्चिल यांनी ती मानली नाही.

अर्थात ठरावातील ही काळजी सिद्धगडापर्यंत किंवा उत्तर चीनच्या खेड्यांपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था नव्हती. नेत्यांना जे सूक्ष्म भेद दिसत होते ते जनतेच्या प्रतिमांमध्ये उतरले नाहीत. ज्या सुभाषबाबूंच्या अध्यक्षपदाच्या काळात वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यांनीच १९४३ मध्ये जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेनेचे नेतृत्व स्वीकारले, ही घटना भारतीयांना स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात सहज समजते. जपानी आक्रमण सोसलेल्या चिनी माणसाला ती कशी समजावी, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो.

एक व्यक्ती, दोन प्रतिमा

डॉ. कोटणीस यांच्या स्मृतीचेही असेच झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला व नायकाची भूमिका स्वतः केली. त्यातून भारतीयांच्या मनात ठसले ते मानवतेसाठी प्राण वेचणारे राष्ट्रीय वृत्तीचे डॉक्टर. चीनमधील त्यांची प्रतिमा मुख्यतः पक्षाच्या सैन्याबरोबर राहून कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय योद्ध्याची आहे. तेथे त्यांचे स्मारक शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या जवळ आहे. दोन्ही प्रतिमांत सत्यांश आहे, परंतु प्रत्येकीने आपल्याला सोयीचा भाग उचलला. आपण त्यांचे पक्षसभासदत्व विसरलो. चीनमध्ये त्यांना पाठविणारी काँग्रेस व तिची स्वातंत्र्य चळवळ पार्श्वभूमीला गेली. चिनी नेते भारतात आले असता कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत असत; २००६ मध्ये हू चिन-थाव व २०१३ मध्ये ली ख-छ्यांग यांनीही ती घेतली. आपल्याकडे मात्र १९६२ नंतर या नावाचा उल्लेख अनेकांना अवघड वाटू लागला.

'भाई भाई' ते १९६२

२९ एप्रिल १९५४ च्या करारात पंचशील तत्त्वांचा समावेश झाला. त्याच वर्षी चौ एन-लाय भारतात व पंडित नेहरू चीनमध्ये गेले. नेहरू-माओ भेटीत दुभाषाचे काम करणारे वसंत परांजपे हे पीकिंग विद्यापीठात शिकलेले मराठी गृहस्थ होते. पुण्यात डॉ. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान चिनी भाषेतील बौद्ध ग्रंथांवर काम करीत होते. चिनी भाषा जाणणारी माणसे महाराष्ट्रात होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तथापि त्यांची संख्या अत्यल्प होती आणि सार्वजनिक चर्चा घोषणेच्या आधारेच चालली.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. भारताने त्यांना दिलेला आश्रय हा आपल्या दृष्टीने मानवतेचा व परंपरेचा भाग होता. चिनी नेतृत्वाने त्याचा अर्थ ब्रिटिश साम्राज्याचा वारसदार तिबेटवर डोळा ठेवून आहे असा लावला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. दुसरीकडे, सीमेवर पुढे चौक्या उभारल्या तरी चीन मोठे युद्ध करणार नाही, असे दिल्लीत गृहीत धरले गेले. १९५० मध्ये चीनचा इशारा अमेरिकेपर्यंत पोहोचविणाऱ्या भारताने बारा वर्षांनंतर स्वतःला मिळणाऱ्या इशाऱ्यांचे वाचन अमेरिकेप्रमाणेच चुकविले, हा इतिहासातील विपर्यास म्हणावा लागेल.

२० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर १९६२ या काळातील युद्धाने जुन्या प्रतिमेच्या जागी तिच्या बरोबर उलट प्रतिमा आणून ठेवली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचा अभिमान महाराष्ट्राने बाळगला. त्याच काळात प्रामुख्याने आसाम व बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांपैकी अनेकांचा जन्म भारतातच झालेला होता. राष्ट्राविषयीची प्रतिमा बदलली की शेजारच्या माणसाची ओळखही कशी बदलते, याचे हे उदाहरण आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. परस्पर गैरसमज हे केवळ शत्रुत्वातून निर्माण होत नाहीत. स्नेहाच्या काळातही, किंबहुना स्नेहाच्या काळात अधिक निर्वेधपणे, ते वाढतात, कारण तेव्हा त्यांची तपासणी करण्याची गरज कोणाला वाटत नाही. प्रत्येक समाज दुसऱ्याच्या कृतीचा अर्थ स्वतःच्या लढ्याच्या भाषेत लावतो. अमेरिकेने चीनकडे उपकारकर्त्याच्या, आपण गुरूच्या, तर चीनने आपल्याकडे प्रथम पारतंत्र्याच्या व नंतर साम्राज्यवादाच्या चष्म्यातून पाहिले. जून २०२० मधील गलवान येथील संघर्षानंतर वर्गात चीनचा विषय निघाला की बहिष्कार आणि बदला या दोनच शब्दांत चर्चा संपते, हा अनुभव अनेक अध्यापकांना परिचित असेल.

अध्यापकाचे कार्य विद्यार्थ्याला चीनचा मित्र किंवा शत्रू बनविणे हे नाही. चीनशी असलेले सीमेचे व व्यापाराचे मतभेद खरे आहेत आणि गैरसमज दूर झाले म्हणून ते आपोआप मिटणार नाहीत. परंतु खरा मतभेद कोणता व प्रतिमेतून निर्माण झालेला कोणता, हे ओळखता येणे आवश्यक आहे. त्यासाठी आपल्या कृती तिकडून कशा दिसल्या असतील, हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी लागेल. त्याची सुरुवात आपल्या परिसरातूनच करता येईल. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. त्या निमित्ताने भाई कोतवालांचा लढा शिकविताना त्याच महिन्याभरात चीनमध्ये मृत्यू पावलेल्या सोलापूरच्या डॉक्टरांचाही उल्लेख व्हावा. दोघेही तिशीतले, दोघेही सुशिक्षित, दोघांनीही स्वतःचा व्यवसाय बाजूला ठेवून प्राण दिले. आणि दोघे ज्या युद्धांत पडले त्यांतील मित्र व शत्रू मात्र वेगवेगळे होते. एकाचे मोठेपण कमी न करता दुसऱ्याचे समजून घेणे ज्या विद्यार्थ्याला जमेल, त्याला परराष्ट्र संबंधांचा मूळ प्रश्न समजला असे म्हणता येईल.